मधला रकाना : प्रस्तावना

पहिली ते आठवीच्या प्रगतिपत्रकात प्रत्येक सत्राला तीन नोंदी करायच्या असतात: विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्याच्याबरोबर या नोंदी आपल्या शाळांत रुळल्या. त्यातला मधला रकाना मला फार मोलाचा वाटतो. या मुलाला काय आवडतं, असा प्रश्न सरकारी कागदावर छापून यावा, आणि तोही जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलेल्या सालदाराच्या पोराबद्दल, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच्या पणजोबाला शाळेच्या ओट्यावर तरी बसू देतील का, याचीच खात्री नव्हती.

हा रकाना भरला कसा जातो, ते मात्र शिक्षण खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तयार नोंदींच्या पुस्तिका दुकानात मिळतात, आता तर त्यांची पीडीएफ मोबाइलवरून फिरते. 'चित्रे काढतो.' 'गोष्टी सांगतो.' 'खेळात भाग घेतो.' 'अवांतर वाचन करतो.' एप्रिलच्या शेवटी निकालपत्रकांची घाई असते, तेव्हा ही आठ-दहा वाक्यं चाळीस नावांपुढे आलटूनपालटून बसवली जातात. वाक्यं खोटी नसतात. ती कुणाचीच नसतात, हे खरं दुखणं आहे.

चौथीतल्या एका मुलाचं सांगतो. त्याच्यापुढे 'चित्रे काढतो' असं लिहिलेलं होतं आणि तो खरोखरच चित्रं काढायचा. पण तो फक्त बैल काढायचा. प्रत्येक बैलाची शिंगं वेगळी, वशिंड वेगळं, मान टाकायची तऱ्हा वेगळी. एका बैलाचा मागचा पाय त्यानं किंचित आत वळवलेला होता. रेष चुकली असेल असं वाटून विचारलं, तर म्हणाला, "तो लंगडते ना सर. मांगच्या साली पोयाच्या आंधी बंडी उलार झाली, तवापासून." कागदावरचा तो बैल अंगाचा भार उरलेल्या तीन पायांवर तोलून उभा होता. मांडीची रेष ताणलेली, खांदा पुढे आलेला. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. रोज वैरण टाकताना, पाण्यावर नेताना त्यानं ते पाहिलेलं होतं आणि हातात उतरवलं होतं. त्याच्या रकान्यात 'जनावराची चाल आणि दुखापत अचूक हेरतो, रेषेतून वजन दाखवतो' असं आलं असतं, तर पाचवीच्या शिक्षकाला त्या वाक्याचं काही करता आलं असतं. त्याला मातीकाम देता आलं असतं, सांगाड्याचं चित्र दाखवता आलं असतं, गुरांच्या डॉक्टरांशी त्याची गाठ घालून देता आली असती. 'चित्रे काढतो' या दोन शब्दांचं कुणी काय करणार?

पुढचे सगळे लेख या रकान्याभोवतीच फिरतात. मला त्यांतून सांगायचं आहे ते एवढंच की, मुलाचं वेगळेपण पाहणं हा सरकारी शाळेचा जादा कार्यक्रम नव्हे. स्नेहसंमेलन झालं, रांगोळी स्पर्धा झाली, फोटो पाठवला, म्हणजे ते काम झालं असं नसतं. ते रोजच्या शिकवण्यातलं काम आहे, आणि त्याला वेळ, माणसं आणि थोडा पैसा लागतो.

मी हे जिथून लिहितो आहे ते वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातलं बाजाराचं गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेकडे उतरत जाणारी काळी जमीन. कपाशी, सोयाबीन, तूर. ज्यांची ऐपत आहे त्यांची मुलं सकाळी पिवळ्या गाड्यांत बसून इंग्रजी शाळेला जातात. त्यांच्यासाठी चित्रकलेचा क्लास आहे, तबल्याचा आहे, सुट्टीत शिबिर आहे. मुलाचा कल ओळखून त्याला खतपाणी घालणं या घरांना विकत घेता येतं. ज्यांना येत नाही त्यांची मुलं, आणि त्यातही मुली, जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात. म्हणून सृजनशीलता हा बड्या शाळांचा विषय आणि आपल्या शाळांनी आधी अक्षरओळख सांभाळावी, ही वाटणी मला उलटी वाटते. ज्या मुलाला शाळेबाहेर कुणी विचारणार नाही, त्याच्याच शाळेत या गोष्टीची सर्वांत जास्त गरज आहे.

आपल्याकडे हुशारी म्हटलं की डोळ्यांपुढे शेगाव येतं. शेगावला जवाहर नवोदय विद्यालय आहे आणि सहावीसाठी दरवर्षी जिल्ह्यातून ८० मुलं घेतली जातात. मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा अशी परीक्षा असते. नवोदयनं खेड्यातल्या कितीतरी मुलांचं सोनं केलं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण चाळणी चांगली असली तरी ती चाळणीच. अख्ख्या जिल्ह्यातून ८० मुलं वर राहिली की खाली पडलेल्या हजारोंना आपण मनातल्या मनात 'राहिलेली' समजू लागतो. पाचवीचं अर्धं वर्ष त्या परीक्षेतल्या आकृत्यांच्या सरावात जातं. जिचा आवाज आहे, ज्याला यंत्र उघडून पुन्हा जोडता येतं, जी भांडणारी पोरं दोन वाक्यांत शांत करते, त्यांच्यासाठी त्या पेपरात प्रश्नच नसतो. निवड करणं हे एक काम आहे आणि घडवणं हे दुसरं. सार्वजनिक शाळेला हे दुसरं काम नेमून दिलेलं आहे.

नेमून दिलेलं, हा शब्द मी जपून वापरतो आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम २९ शिक्षकांनी एकदा तरी सावकाश वाचावं. अभ्यासक्रम ठरवताना मुलाचा सर्वांगीण विकास, त्याचं ज्ञान, त्याच्यातली सुप्त क्षमता आणि त्याची प्रतिभा यांचा विचार झाला पाहिजे, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. कृतीतून, शोधातून शिकणं आहे, भीतीपासून मोकळीक आहे, शक्य तितकं मातृभाषेतून शिकवणं आहे. म्हणजे आपण ज्याला कुणा प्रयोगवीर शिक्षकाची हौस समजतो, तो देशाचा कायदा आहे.

मग त्याच कायद्याची अनुसूची पाहावी. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक मिळणार, तेही सहावी ते आठवीची पटसंख्या १०० च्या वर असेल तरच. आपल्या तालुक्यातल्या किती गावांत सहावी ते आठवी मिळून शंभर मुलं भरतात? पहिली ते पाचवीला तर ही तरतूदच नाही. तिथे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि त्या दोघांवर चार-पाच इयत्ता. कलमात प्रतिभा, आणि अनुसूचीत तिच्यासाठी माणूस नाही. हा दोष गावातल्या गुरुजींचा किंवा बाईंचा नव्हे. कागदावरच तो तसा बांधला गेला आहे.

या विषयाचं नाव निघालं की लोक फिनलंडपासून सुरुवात करतात. मला तेवढं लांब जावंसं वाटत नाही. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, असं त्यात होतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणारे नसावेत, आणि त्यांना पगार चांगला मिळावा, हेही त्यांनी सांगितलं होतं. मुलाच्या घरातलं हातकाम ज्या शिक्षकाला कमी दर्जाचं वाटतं, त्याला त्या मुलातलं कसब दिसणारच नाही. जोतीरावांना हे पुरतं कळलेलं होतं.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिकवणारी नई तालीम पुढे आली. हस्तोद्योगात टकळी आणि सूत आलं, आणि विदर्भ तर कापसाचाच. सरकीपासून कापडापर्यंतच्या वाटेवर गणित, भूगोल, इतिहास, सगळंच भेटतं. हा विचार आपल्या मातीतून उगवलेला होता. तो टिकला का नाही, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातला एक आक्षेप आजही खरा वाटतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हातकामातच ठेवलं गेलं, ते आपल्या मुलाला शाळेत पुन्हा सूत कातायला का बसवतील? त्यांना अक्षर हवं होतं, कचेरीतली खुर्ची हवी होती, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. त्यामुळे पऱ्हाटीचा धडा शाळेत आणायचा असेल तर तो मजूर घडवण्यासाठी नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आईबरोबर वेचणीला जाऊन आलेल्या मुलीला किलोमागे दर, दिवसाची वेचणी आणि झालेली मजुरी यांचा हिशेब बोटांवर येतो. वर्गात तिला त्रैराशिकाचं उदाहरण अडतं. या दोहोंमधला पूल बांधणं हे शिक्षकाचं सृजन आहे. सेवाग्रामचं आनंद निकेतन २००५ पासून नई तालीमची वाट आजच्या मुलांसाठी पुन्हा चालून पाहतं आहे. आपल्याच विदर्भातली ती शाळा शिक्षकांनी एकदा जाऊन पाहावी.

आणि ताराबाई मोडक. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखायला जातात. तेव्हा या बायकांनी हजेरीच्या नोटिसा काढल्या नाहीत, शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे नाव आज परिपाठातल्या थोरांच्या ओळखीपुरतं उरलं आहे. तिथला विचार मात्र फार धीट होता. मूल जिथे आहे, जे करतं आहे, तिथून शिकणं सुरू होतं. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, तेव्हा हाच धागा शहरातल्या साध्या घरांतल्या मुलांपर्यंत गेला.

आता आपल्या तालुक्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त मला इथलंच सांगायचं आहे.

निहाली नावाची एक भाषा आहे. ती बोलणारी माणसं जगात जेमतेम दोन-अडीच हजार असावीत आणि ती सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्याच शेजारी राहतात. जळगाव जामोद तालुक्यात जामोद, सोनबर्डी, कुवरदेव आणि आपल्या संग्रामपूर तालुक्यात वसाडी, चिचारी. भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. तिच्यात कोरकूतून, मराठीतून, हिंदीतून खूप शब्द आलेले आहेत, पण गाभ्यातल्या काही शब्दांचं नातं जगातल्या कोणत्याही भाषेशी लागत नाही. भाषाशास्त्रज्ञ तिला एकाकी भाषा मानतात. परदेशातले अभ्यासक तिच्यासाठी इथवर येतात. ती घरात बोलणारं सहा वर्षांचं पोर पहिलीत येतं तेव्हा त्याला काय येत असतं? घरात निहाली, शेजारी कोरकू, बाजाराच्या दिवशी वऱ्हाडी मराठी, घाटापलीकडच्या माणसांशी हिंदी. कुणाशी काय बोलायचं, हे त्याला न चुकता कळतं. आणि वर्गात ते गप्प बसतं, म्हणून भाषेपुढे 'सुधारणा आवश्यक' अशी नोंद होते. चार भाषा पेलणाऱ्या मुलाला भाषेत कच्चं ठरवणारी फूटपट्टी आपण किती दिवस वापरणार आहोत?

वऱ्हाडीचं दुःख याहून सौम्य, पण जातीनं तेच. 'मले', 'तुले', 'काहाले' म्हणणाऱ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात कळतं की आपल्या आईचं बोलणं इथे चालत नाही. मग ते हळू बोलतं, मग बोलायचंच थांबतं. ज्या बोलीला वर्गात गावंढळ म्हणतात, तिच्यात शेजारच्या तेल्हारा तालुक्यातल्या विठ्ठल वाघांची कविता झाली. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली माणसं तिच्यात बोलली. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांनी 'मेड इन इंडिया' ही कादंबरी तिच्यात लिहिली. आपल्याच जिल्ह्यातल्या अमडापूरच्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीत इथला कास्तकार इथल्या भाषेसकट आहे. प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे, मुलांना तिची गरज आहे. पण पहिली गोष्ट, पहिलं पत्र, पहिली कविता मुलानं घरच्या बोलीत लिहिली तर ती तशीच फळ्यावर उतरवावी. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करता येते.

भुलाबाईचा महिना आठवा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर फिरतात, टिपऱ्या धरतात, शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची असते. वर्गात उभं राहून दोन ओळी वाचताना जिचा आवाज थरथरतो, तीच मुलगी तिथे वीस जणींना ताल धरून देते, ऐनवेळी कडव्यात गावातल्या कुणाचं तरी नाव ओवते आणि हसवते. शाळेला हे माहीत नसतं, कारण ते संध्याकाळी घडतं. ज्या बाईंनी एकदा संध्याकाळी जाऊन पाहिलं, त्यांना वर्गातली निम्मी 'अबोल' मुलं नव्यानं कळली, असा माझा अनुभव आहे.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात मला हवं ते बरंचसं आहे. आपला हा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरींचं, बोअरचं पाणी खारं, मूत्रपिंडाच्या आजारानं घरोघर माणसं गेलेली. सहावीच्या विज्ञानात पाण्याचा पाठ चालू होता. एक मुलगी म्हणाली, "आमच्या बोअरच्या पाण्यात दाय शिजतच नाई मॅडम." बाईंनी पाठ बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी मुलांनी बाटल्यांतून पाणी आणलं: विहिरीचं, बोअरचं, नळाचं. सारख्या मापाच्या पारदर्शक बाटल्या, प्रत्येकीत सारखं पाणी, साबणाच्या पाण्याचे मोजून सारखे थेंब, आणि सारखेच झटके. मग फेसाची उंची पट्टीनं मोजायची. कुठे चार बोटं फेस, कुठे वर नुसता पांढरा साका. एका मुलानं मोजण्यावरून सगळ्यांशी भांडण केलं. त्याचं म्हणणं होतं की झटके सारख्या जोराचे नव्हते, आणि ते बरोबर होतं. ज्याला गणितात कधी उत्तीर्णापलीकडे गुण मिळाले नव्हते, त्या पोरानं त्या दिवशी प्रयोगाची काटेकोरी सगळ्यांना शिकवली. दुसरा एक गावाचा नकाशा काढून त्यावर विहिरी मांडत बसला. एक मुलगी घरी जाऊन आजोबांना विचारून आली की पूर्वी गोड पाणी कोणत्या विहिरीला होतं. आणि ज्या मुलीनं डाळीचं सांगितलं होतं, तिनं विचारलं, "पागोयीचं पाणी घेतलं तं?" पावसाचं पाणी धरलं, तर त्यात सगळ्यांत जास्त फेस आला. का आला, या प्रश्नावर पुढचे चार तास गेले आणि पाठ्यपुस्तकातला पाठ त्या तासांत आपोआप झाला.

यात चित्रकला नाही, नाट्य नाही, स्पर्धा नाही. तरी सृजनाबद्दल बोलताना मी आधी हा वर्ग सांगतो. प्रत्येक मुलाला आपापलं काम सापडलं आणि ते काम खरं होतं, गावाच्या जिवाशी लागलेलं होतं.

आक्षेप ठाऊक आहे. पाचवीतल्या पुष्कळ मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता येत नाही, 'असर'च्या पाहण्या हे वर्षानुवर्षं सांगत आहेत. आधी वाचायला तर शिकवा, मग प्रतिभा. पालकही हेच म्हणतात, आणि त्यांच्या काळजीचा मी मान राखतो. वाचता न येणाऱ्या मुलाच्या हातात नुसते रंग देणं हा त्याच्यावर अन्याय होईल. पण वाचन आधी आणि आवड नंतर, असा क्रम मुलाच्या डोक्यात नसतो. तो बैल काढणारा मुलगा वाचनात मागे होता. त्याच्या चित्रांखाली बैलांची नावं लिहायची ठरली, मग नावाबरोबर एक वाक्य, मग लंगड्या बैलाची हकिगत. आपलं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचावं, ही हाव लागली आणि तो वाचू लागला. दिवसाचं वेळापत्रक भरून काढणाऱ्या सरावपत्रिकांनी हे झालं नसतं.

शासनाकडूनही दारं उघडली गेली आहेत. मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आला. इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेच्या श्रेणीला दहावीत जादा गुण मिळतात. चांगलंच आहे. मात्र शनिवारचा आनंद सोमवारी वर्गाबाहेर ठेवायचा नसतो, आणि दहावीच्या गुणांसाठी काढलेलं चित्र दहावी झाली की बंद पडतं. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची दिशा पुढे आली. सात मुलांच्या शाळेत नाटक बसत नाही, कबड्डीचा संघ होत नाही, हे मला मान्य आहे. पण पायथ्याच्या वस्तीवरची सात वर्षांची मुलगी रोज गाडीत बसून लांबच्या शाळेला जाईल, हे घरचे किती दिवस चालवून घेतील? आणि जिथे मुलं थोडी असतात, तिथेच शिक्षकाला प्रत्येकाचा लंगडा बैल दिसण्याची शक्यता असते. लहान शाळा बंद करण्याऐवजी महिन्यातून दोन दिवस पाच शाळांची मुलं एकत्र आणावीत, असं मला वाटतं.

शिक्षकाचा वेळ हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. शिक्षणाच्या अधिकाराच्या त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात ऑनलाइन माहित्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, अभियानांचे फोटो यांत दुपार निघून जाते. मुलाकडे पाहायला माणूस मोकळा असावा लागतो. शिक्षकाला नव्या उपक्रमाचं पत्र देण्याआधी जुन्या तीन माहित्या बंद कराव्यात, ही मागणी शाळा व्यवस्थापन समितीनं लेखी करावी. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. हा अधिकार नावापुरता नाही.

आणि मदत गावातच आहे. इटलीत रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यानं १९४५ मध्ये, युद्ध संपल्या संपल्या, जर्मन सैन्यानं टाकून दिलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशात मुलांची शाळा बांधायला घेतली. आज जगभरचे शिक्षक तिथे रुजलेली शिकवण्याची पद्धत शिकायला जातात. आपल्याकडे लोकवर्गणीला माणसं कधी मागे हटलेली नाहीत. मंदिराला, सप्त्याला, शाळेच्या रंगरंगोटीला पैसे गोळा होतात. त्यातला थोडा हिस्सा माणसांवर खर्च व्हावा. केंद्रातल्या शाळा मिळून एक कलाशिक्षक ठेवावा, त्यानं आठवड्यात एकेक शाळा घ्यावी. गावातला सुतार, गोधडी शिवणारी आजी, भजनी मंडळातला पखवाजवाला यांना वर्षातून एखाद्या कार्यक्रमाला नारळ देऊन बोलावण्याऐवजी दर आठवड्याचा एक तास ठरवून द्यावा. तो तास वेळापत्रकात लिहिलेला असावा, त्याचं मानधन ग्रामपंचायतीच्या ठरावात असावं, आणि तास झाल्यावर कोणत्या मुलानं काय केलं, हे त्या पखवाजवाल्यानं सांगावं आणि बाईंनी तारीख घालून लिहून घ्यावं.

वरवट बकाल, ता. संग्रामपूर, जि. बुलडाणा